नाच चालू हाय, थांबा

पडद्यावर नाच चालू असला की रुंबा मास्तर कोणालाही आत सोडत नसत. ते टॉकीजचे डोअरकीपर होते. बाल्कनीच्या दाराच्या मुठीवर एक हात, काखेत बॅटरी, आणि उशिरा आलेल्याला ठरलेलं वाक्य, "नाच चालू हाय. पाच मिनिटं थांबा." कॉलेजातली पोरं चिडत, बायका हसून भिंतीला टेकून उभ्या राहत. एकदा एक मोठे सरकारी साहेब सहकुटुंब आले, मागे थर्मास धरलेला शिपाई. मास्तरांनी त्यांनाही थांबवलं. साहेब म्हणाले, "तू मला ओळखत नाहीस का?" मास्तर म्हणाले, "ओळखतो ना साहेब. म्हणून तं हळू आवाजात सांगून राहिलो."

मॅनेजर धावत आले, दार उघडलं, साहेब आत गेले. दुसऱ्या दिवशी मास्तरांची झाडाझडती झाली. माझे बाबा त्याच टॉकीजमध्ये बुकिंग क्लार्क होते, ते तिथेच उभे होते. मॅनेजर म्हणाले, "त्या गोऱ्यांच्या उड्यांपायी माझी नोकरी घालवशील." मास्तरांनी विचारलं, "कीर्तन रंगात आलं असताना तुम्ही बुवांच्या समोरून चालत जाता काय? मंग इथंच काहून?" उत्तराऐवजी शिक्षा मिळाली. पंधरा दिवस मास्तर सायकल स्टँडवर. बाबा ही गोष्ट हसत हसत सांगायचे. मला तेव्हाही हसू यायचं नाही आणि आजही येत नाही.

मास्तर गेले त्याला आठ महिने झाले. एका वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या आणि त्यांत त्यांना 'हौशी नर्तक' म्हटलं. या शब्दाचा मला संताप आहे. हौस म्हणजे काय असतं हे मला माहीत आहे. मी हौसेने भरतकाम केलं आहे, हौसेने सतार विकत घेऊन ती माळ्यावर टाकली आहे. मास्तरांनी जे केलं ते हौसेच्या खात्यात टाकून मोकळं होणं फार सोपं आहे. म्हणून हे लिहिते आहे. आणि जे घडलं त्यात माझाही वाटा आहे, तोही लिहायलाच हवा.

नागपूरच्या गोळीबार चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांचं घर. विणकरांचं घर. वडिलांचा खड्ड्यातला हातमाग होता आणि मास्तर बारा वर्षांचे असल्यापासून त्या खड्ड्यात पाय सोडून बसत. हाताने आडव्या सुताचा धोटा फेकायचा आणि पायांनी खालच्या पावड्या दाबायच्या, एक झाली की दुसरी. चुकीची पावडी पडली की कापडात चूक दिसते आणि ती लपत नाही. "मले नाचणं कोणी शिकवलं नाही," ते म्हणत, "पण पायाले हिशोबात ठेवणं घरीच शिकलो." पुढे हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. घरातला माग मोडला, त्याची लाकडं हिवाळ्यात पाणी तापवायला गेली, आणि मास्तर बॅटरी घेऊन टॉकीजच्या दारात उभे राहिले.

रविवारी सकाळच्या खेळाला आमच्याकडे जुने इंग्रजी विनोदी संगीतपट लागत. गोष्ट बहुतेक तीच. एक श्रीमंत माणूस, एक चुणचुणीत गरीब मुलगी, कोणीतरी कोणाला भलताच माणूस समजून बसतो, मग एखादं जहाज नाहीतर समुद्रकाठचं हॉटेल. आणि मध्येच तो नाचाचा हॉल. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेले क्यूबा-ब्राझीलकडचे वादक, त्यांच्या हातातले खुळखुळे, उभे ढोल, आणि मग रुंबा, सांबा, चाचाचा. कधी शंभर माणसं एकमेकांच्या कमरेला धरून माळेसारखी हॉलभर फिरायची. मास्तरांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. विनोद झाला की लोक हसायचे तेव्हा ते खिशातून वही काढून तयार राहायचे, कारण बहुतेक वेळा विनोदानंतर नाच यायचा.

एक चित्रपट चार रविवार चालायचा. म्हणजे एक नाच आयुष्यात चारदा दिसणार. तेव्हा ना मोबाइल, ना घरी बसून मागे-पुढे करून बघायची सोय. त्या चार वेळांत जेवढं डोळ्यांत मावेल तेवढं आपलं. दार उघडलं की उजेडाची पट्टी पडद्यावर पडायची आणि नेमकं एखादं पाऊल पुसलं जायचं. ते पुन्हा बघायला आठ दिवस थांबावं लागे. साहेबांना अडवण्यामागे हे कारण होतं. मॅनेजरला ते त्यांनी सांगितलं नाही. "सांगून काय फायदा? त्याले वाटलं असतं मी फुकटात शिनेमा पाहून राहिलो."

वहीत पावलांची चित्रं असत. डावं पाऊल रेघांनी भरलेलं, उजवं कोरं, बाजूला आकडे. घरी जाऊन ते पाऊल टाकून बघायचं, चुकलं तर पुढच्या रविवारी दुरुस्ती. अशा अकरा वह्या भरल्या होत्या. ढोलाचा ठेका ते तोंडाने धरत, "सावकाश… झट-झट. सावकाश… झट-झट." त्यावरूनच रुंबा मास्तर हे नाव पडलं. आधी चिडवण्यासाठी पडलं, मग राहिलं. खरं नाव नामदेव. ते मला वयाच्या पन्नाशीनंतर कळलं, हेही आमच्याबद्दल काहीतरी सांगतं.

त्या चित्रपटांवर त्यांचं जेवढं प्रेम होतं तेवढाच रागही होता. राग कशाचा, तर त्या वादकांचा जो मान राखला जायचा नाही त्याचा. "पाह्य," ते बाबांना म्हणत, "ढोल वाजवणारा जीव तोडून वाजवून राहिला, अन कॅमेरा कोठी हाय? हिरोच्या टायवर. ज्याच्या गावचा नाच हाय त्याले वेडंवाकडं बोलायला लावतेत, लोक हसतेत. अन जो काल शिकला त्याच्यावर फुलं." बाबा म्हणायचे, "अरे मास्तर, सिनेमाच आहे तो." मास्तर म्हणत, "सिनेमा माणसंच बनवतेत ना."

मी चौदा वर्षांची असताना त्यांच्याकडे शिकू लागले. सकाळचा खेळ सुटला की दुपारच्या खेळापर्यंत तिकीट खिडकीसमोरची जागा रिकामी असायची. मोझेकच्या चौकोनी फरशा, पावलं मोजायला त्यांचाच आलेख. टॉकीजच्या झाडूवाल्या बाईंची मुलगी, दोन शेजारच्या मुली आणि मी. मास्तर आमच्या हाताला हात लावत नसत. खांद्यावरचा सुती दुपट्टा काढायचे, त्याचं एक टोक स्वतःकडे आणि एक आमच्याकडे. "दुपट्टा ना ढिला पडला पायजे, ना ओढला गेला पायजे. ढिला पडला म्हणजे तू झोपली. ओढला गेला म्हणजे तुले घाई झाली." पुढे मी जोडीने नाच करणारे पुष्कळ लोक पाहिले. एकमेकांना घट्ट धरूनही त्यांच्यात तो ताण नसतो, जो त्या विटक्या दुपट्ट्यात असायचा.

मग एका रविवारी रेल्वे कॉलनीतल्या एक म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन मिसबाई खेळ पाहायला आल्या. त्या मुलांना पियानो शिकवत. बाहेर पडताना आम्हाला बघून थांबल्या, काठी भिंतीला टेकवली आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "मास्टर, सब ठीक है. मगर उल्टा है." मास्तरांना आधी कळेना. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पडद्यावरचा माणूस आपल्याकडे तोंड करून नाचतो. त्याचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला दिसतो. मास्तर आरशात पाहावं तसं सगळं शिकले होते. सहा वर्षं, अकरा वह्या, एक ना एक पाऊल बरोबर, आणि सगळं उलट्या पायाने.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नागपुरात कोणाला कळतंय. मास्तरांनी काय केलं? आधी पुढचे चार रविवार मिसबाईंसमोर उभं राहून खात्री करून घेतली. मग ज्यांना ज्यांना शिकवलं होतं त्या प्रत्येकाच्या घरी सायकलने जाऊन सांगितलं की माझं चुकलं. कामठीला राहणाऱ्या एका फौजी बँडवाल्याला त्यांनी दोन पावलं दाखवली होती, त्याच्याकडेही गेले.

आमच्या घरीही आले. तेव्हा बाबा ड्यूटीवर होते आणि समोरच्या खोलीत माझे मोठे काका बसलेले. आमच्या घरात काकांचा शब्द चालायचा. मास्तर दारातूनच म्हणाले, "मंदाले बोलवा जरा. मी तिले उलट्या पायानं शिकवलं. नव्यानं शिकवा लागते."

"काय शिकवलं?" काका म्हणाले.

"रुंबा."

मी नाच शिकते हे काकांना ठाऊकच नव्हतं. त्यानंतर जे झालं ते पूर्ण लिहीत नाही. टॉकीजमध्ये, डोअरकीपरसोबत, पोरगी नाचते, एवढे तीन शब्दसमूह त्यांनी वेगवेगळ्या क्रमाने अर्धा तास वापरले. 'बाजारू' हा शब्द मी पहिल्यांदा माझ्याबद्दल ऐकला. मास्तर उंबऱ्याबाहेर उभे होते, कोणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. काका थांबल्यावर ते म्हणाले, "वरातीत तुम्हीच दारू पिऊन बँडपुढं लोळता, ते चालते. ही पोरगी मोजून पाय टाकते, ते चालत नाही. काहून?"

काकांनी दार लावलं. मी आतून दुपट्ट्याचं टोक बघितलं, दारात सापडून राहिलेलं, आणि मग ते हळूच बाहेर ओढलं गेलं. बाबा घरी आले, काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि जेवायला बसले. माझा नाच संपला. अनेक वर्षं मी मास्तरांनाच दोष दिला. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं. खरं बोलणारा माणूस समोर असला की राग काढायला तोच सोयीचा पडतो. काकांवर रागवायला मला चाळीस वर्षं लागली आणि तोवर काका गेले होते.

टॉकीज बंद पडली, तिथे आता गाड्यांचं शोरूम आहे. मी शिकले, बँकेत लागले, लग्न झालं. नवरा मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत बड्या हुद्द्यावर गेला आणि आम्हाला शहरातल्या एका जुन्या क्लबचं सभासदत्व मिळालं. मास्तर अधूनमधून रस्त्यात दिसत, आधी एका गोदामावर रखवालदार म्हणून, नंतर नुसते सायकलवर. मी गाडीची काच खाली करून हात हलवायचे. ते ओळखायचे, मान डोलवायचे. माझ्या कानावर आलं होतं की त्यांच्या वस्तीजवळच्या समाजभवनात रविवारी सकाळी ते शिकवतात. भाजीवाल्या, निवृत्त शिक्षक, एक-दोन नर्सबाया. मी कधी गेले नाही.

तीन वर्षांपूर्वी क्लबच्या वर्धापनदिनाची बैठक झाली. ठरलं असं की जुन्या विनोदी संगीतपटांच्या थाटाची संध्याकाळ करायची, सभासद जोडप्यांनीच रुंबा, चाचाचा करायचा. सगळे म्हणाले, पण शिकवणार कोण? आणि मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "माझ्या ओळखीचे आहेत."

समाजभवनात गेले तेव्हा मास्तर सत्तरी ओलांडलेले, पाठीत किंचित वाकलेले, पण पाय तेच. मला बघून म्हणाले, "मंदा, तुझं उलटं राहूनच गेलं." मग क्लबचं ऐकून विचारलं, "ते लोक वेळेवर येतीन काय?"

चार महिने त्यांनी अकरा जोडप्यांना शिकवलं. ज्यांना लिफ्टशिवाय पहिला मजला चढवत नाही अशा लोकांना त्यांनी फरशीवर उभं केलं. आता नातवाने दिलेल्या मोबाइलवर ते सगळे जुने नाच पुन्हा बघता येत होते, तरी वह्या आणत. एका कारखानदाराला म्हणाले, "साहेब, तुम्ही बाईले ढकलून राहिले. ती फाइल नोहे." कारखानदार हसला आणि सुधारला. माझा नवरा, ज्याने माझ्यासोबत लग्नातही दोन पावलं टाकली नव्हती, घरी स्वयंपाकघराच्या दारात "सावकाश, झट-झट" पुटपुटू लागला. लोक मास्तरांना चहा देत, पाठीवर थाप मारत, त्यांच्यासोबत फोटो काढत. मला वाटलं, आपण केवढं मोठं काम केलं.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी निमंत्रणपत्रिका आली. जाड कागद, सोनेरी अक्षरं. 'नृत्यदिग्दर्शन' या शब्दापुढे मुंबईच्या एका माणसाचं नाव होतं. तो शेवटचे दोन दिवस येणार होता. मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं.

मी क्लबच्या सेक्रेटरींना फोन केला. ते फार गोड बोलतात. "अहो मॅडम, पाहुण्यांना ओळखीचं नाव लागतं. आणि मास्तरांना आपण विसरलो थोडेच? त्यांच्यासाठी खास कल्पना आहे. लाल कोट, पितळी बटणं, टोपी. दारात उभं राहून सलाम करतील. जुन्या सिनेमाचा माहोल येईल. अनुभव तर आहेच त्यांना."

मी काय म्हणायला हवं होतं हे मला आज पाठ आहे. तेव्हा मी म्हटलं, "बघा, त्यांना वाईट वाटणार नाही ना." एवढंच. आणि पत्रिका मीच मास्तरांना नेऊन दिली.

त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. लाल कोटाचं मी सांगितलं. ते उठले, पाणी प्यायले. त्यांच्या बायको, सिंधूकाकू, दारात धान्य पाखडत होत्या, त्यांचा सुपाचा आवाज थांबला. मास्तर म्हणाले, "उद्या तालमीले सगळे येतीन ना?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा जोडपी होती. मास्तरांनी वही बाजूला ठेवली आणि रांगेसमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"एकच विचारतो. कार्यक्रम झाल्यावर कोणी विचारलं, तुम्ही कोणाजवळ शिकले, तं काय सांगान?"

कारखानदार बुटाच्या टोकाकडे बघत होता. सेक्रेटरी खुर्चीतून म्हणाले, "मास्तर, असं मनाला लावून घेऊ नका, हे सगळं टीमवर्क असतं." माझ्या नवऱ्याने माझा हात दाबला. त्याचा अर्थ गप्प राहा असा होता, आणि मी गप्प राहिले. मला तो हात झटकता आला असता. चौदाव्या वर्षी माझ्यावर दार लावलं गेलं होतं. त्रेपन्नाव्या वर्षी ते कोणी लावलेलं नव्हतं.

मास्तर प्रत्येकाकडे बघत गेले. अकराही जोडप्यांकडे. मग म्हणाले, "समजलं. पाय तं शिकवले मी तुमाले. बाकीचं माझ्या हातात नव्हतं." वही घेतली आणि गेले.

कार्यक्रम उत्तम झाला. हे सांगताना मला लाज वाटते, पण झाला. आमचं एकही पाऊल चुकलं नाही. दारात लाल कोट घालून कोणी हॉटेलातला माणूस उभा होता. मुंबईचे गृहस्थ माइकवर म्हणाले, "नागपूरसारख्या शहरात ज्यांनी रुंबा हा शब्दही ऐकला नव्हता, त्यांच्याकडून मी दोन दिवसांत हे करून घेतलं." टाळ्या पडल्या. मी दिव्यांच्या झोतात, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, हसऱ्या चेहऱ्याने उभी होते. तो फोटो क्लबच्या जिन्यात अजून लावलेला आहे.

त्या शब्दांनी मला जे झालं ते आठ दिवस गेलं नाही. 'ज्यांनी शब्दही ऐकला नव्हता.' या माणसाच्या जन्माआधी गोळीबार चौकातला एक विणकर क्यूबाच्या ढोलकऱ्याची बाजू घेऊन भांडत होता. महिन्याच्या सभेत मी उठले आणि लिहून नेलेलं वाचलं. कोणी शिकवलं, किती दिवस, कसं, आणि कोणाचं नाव छापलं. सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे मॅडम, नोंद घेतली." कोणीतरी म्हणालं, "एवढ्याशा गोष्टीसाठी?" मी राजीनामा टेबलावर ठेवला. घरी नवरा म्हणाला, "त्या दिवशी बोलली असतीस तर एक गोष्ट होती. आता काय उपयोग?" तो चिडून बोलला होता, पण खरं बोलला.

पुढच्या रविवारी समाजभवनात गेले. मास्तर शिकवत होते. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "मास्तर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." त्यांनी ठेका थांबवला नाही. ठेक्यातच म्हणाले, "आली तं उभी राहा. शेवटच्या रांगेत." पंचावन्नाव्या वर्षापर्यंत मी शेवटच्या रांगेतच होते. पुढे उभ्या असणाऱ्या भाजीवाल्या गिरजाबाई माझ्यापेक्षा चांगलं नाचत. मास्तरांनी पुन्हा कधी क्लबचा विषय काढला नाही. मीच एकदा काढला, तेव्हा म्हणाले, "तुझा राग तुझ्याजवळ ठेव. मले माझा पुरते."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. तीन दिवस ताप, आणि मग छातीत दुखलं. तेराव्याच्या आधीच सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन घरी आले, हातात मोठा पुष्पगुच्छ. मी तिथेच होते. म्हणाले, क्लबमध्ये शोकसभा घ्यायची आहे, आमचे नृत्यगुरू म्हणून त्यांचा फोटो लावायचा आहे, एखादा चांगला फोटो मिळाला तर. 'आमचे नृत्यगुरू.' मी तोंड उघडणार तोच सिंधूकाकू बोलल्या. त्या फार कमी बोलत.

"जिवंत होते तवा नाव छापाले जागा नव्हती तुमच्या कागदावर. आता फोटो कायले पायजे?"

"काकू, गैरसमज झाला होता."

"नाही झाला. त्याइले सगळं समजलं होतं. फुलं घेऊन जा. आमच्या घरी ठेवाले जागा नाही."

ते फुलं घेऊन गेले. शोकसभा मात्र झाली, पुष्पगुच्छाचा फोटो लावून.

आम्हाला वाटलं, वर्ग संपला. तरी चार रविवार आम्ही समाजभवनात जाऊन नुसते बसत होतो. पाचव्या रविवारी सिंधूकाकू आल्या. साधं सुती लुगडं, पायांत काही नाही, पिशवीत मोबाइल. आम्ही खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. मोबाइल गिरजाबाईंकडे देऊन म्हणाल्या, "लाव." ढोल सुरू झाले. काकूंनी पदर खोचला, माझ्यासमोर आल्या आणि माझा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला. ती जागा पुरुषाची. मला वाटलं त्यांचं चुकलं.

"काकू, तुम्ही इकडे या, बाईच्या बाजूला. मी पुरुषाचं करून बघते."

"मले बाईचं येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमाले शिकवाचं होतं तं त्याइले बाईचं पाऊल आलं पायजे ना? घरी बाई तेच बनत होते. चाळीस वर्षं झाले. नेणारी मीच."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना ते आवडलं नाही.

"पाहून काय राहिल्या? पाय उचल. अन मान खाली कायले घालतं, मंदा? इथं कोणी काका बसला नाही."

आणि त्यांनी मला मागे नेलं, सावकाश, मग बाजूला, झट-झट. हात घट्ट होता. मी दोनदा चुकले, दोन्ही वेळा त्या थांबल्या, गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं.